वाचकांचे प्रश्न : मरणशय्येजवळ वाचली जाणारी पुस्तिका

गेल्या अंकात इटलीतील आरंभीच्या छापील भक्तिपुस्तकांची ओळख करून देताना एक लहानसे चित्र छापले होते. एक माणूस आजारी होऊन अंथरुणाला खिळला आहे, घरची माणसे भोवती आहेत आणि दाराबाहेर हाडांचा सापळा उभा राहून दार ठोठावतो आहे. हे चित्र फ्लोरेन्सच्या एका प्रवचनपुस्तिकेतील असून ते प्रवचन जिरोलामो साव्होनारोला या संन्याशाने २ नोव्हेंबर १४९६ रोजी केले होते. या चित्राने पुष्कळ वाचकांना थांबवले असे दिसते, कारण आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न याच पुस्तकांभोवती फिरतात. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मरणाची तयारी शिकवणारी ही पुस्तके मुळात कोणी लिहिली? लोकांच्या मनात नरकाची भीती बसवून त्यांना चर्चच्या मुठीत ठेवणे हाच त्यांचा हेतू नव्हता काय? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : मूळ लॅटिन ग्रंथावर कर्त्याचे नाव नाही. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टन्स येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या सुमारास, बहुधा एका डोमिनिकन संन्याशाने तो रचला. पॅरिस विद्यापीठाचे कुलपती ज्याँ जेरसाँ यांनी त्याआधी याच विषयावर लिहिलेल्या छोट्या प्रकरणाचा त्याला मोठा आधार होता. छापखाना येण्यापूर्वीच हा ग्रंथ युरोपभर पसरला होता आणि त्याची तीनशेहून अधिक हस्तलिखिते आजही टिकून आहेत. इटालियन भाषेत तो ‘आर्ते देल बेन मोरीरे’, म्हणजे ‘चांगल्या मरणाची कला’, या नावाने आला आणि तेथे तो कार्डिनल दोमेनिको काप्रानिका (१४००–१४५८) यांच्या नावावर चालला. काप्रानिका हे फेर्मोचे बिशप होते आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी रोममध्ये १४५७ साली काढलेल्या विद्यालयामुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते. इटलीत छपाई सुरू झाली ती १४६५ साली, सुबियाको येथील मठात, आणि त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, १४७८ साली, वेरोना येथे हे इटालियन पुस्तक छापून बाहेर पडले.

आता भीतीविषयी. आपला संशय निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण नरकाची चित्रे त्या काळातील चर्चच्या भिंतींवर मुबलक होती आणि प्रवचनकार त्यांचा उपयोगही करून घेत. तथापि हे विशिष्ट पुस्तक हातात घेऊन सावकाश वाचले, तर त्याचा रोख भीतीच्या उलट दिशेने आहे, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही. १३४८ च्या महामारीनंतर प्लेग काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा येत राहिला, रुग्णांजवळ जाणारे धर्मगुरूही त्यात मेले आणि शेवटच्या घटकेला पापनिवेदन ऐकायला कोणी येईलच याची खात्री कोणालाही देता येईना. अशा काळात एकट्या पडलेल्या माणसासाठी हे पुस्तक निघाले आहे.

त्याचा गाभा म्हणजे मरणाऱ्याला घेरणारे पाच मोह : श्रद्धा सुटणे, निराशा, असहनशीलता, आत्मप्रौढी आणि संपत्तीचा लोभ. पुस्तकाची एक संक्षिप्त आवृत्ती पुढे निघाली आणि तिच्यात प्रत्येक मोहाचे एक व त्यावरील दैवी प्रेरणेचे एक अशी दहा चित्रे आणि शेवटच्या श्वासाचे अकरावे चित्र आले. जर्मनी व नेदरलँड्सकडे ही चित्रे आधी कोरली गेली, आणि इटलीतील सचित्र आवृत्त्यांनी त्याच मांडणीचे अनुकरण केले. निराशेच्या चित्रात सैतानाची पिलावळ रुग्णाच्या डोळ्यांसमोर त्याच्या पापांची यादी धरते. पान उलटले की त्याच पलंगाभोवती चार पापी माणसे उभी आहेत. येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हणणारा शिष्य पेत्र, त्या वेळी आरवलेल्या कोंबड्यासह, मग्दालाची मरिया हातात सुगंधी तेलाची कुपी घेऊन, क्रूसावर शेवटच्या तासाला पश्चात्ताप करणारा चोर आणि घोड्यावरून खाली पडलेला शौल, म्हणजे पुढचा संत पौल. ही माणसे तरली, मग तू का तरणार नाहीस, एवढेच ते चित्र सांगते. ज्याला लोकांना घाबरवायचे आहे तो असे पान कशाला रंगवील? निराशा हे मरणाऱ्याचे सर्वांत मोठे संकट आहे, हे पुस्तकाच्या कर्त्याने ओळखले होते, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण यातच आहे.

प्रश्न : मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकेचे काम केले. अनेकांच्या शेवटच्या रात्री मी पाहिल्या आहेत. या पुस्तकांत मरणाऱ्याजवळ बसणाऱ्या माणसासाठी काही सांगितले आहे का, की सारा उपदेश मरणाऱ्यालाच आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या प्रश्नाने मी या पुस्तकांकडे अनेक वर्षांनी नव्याने पाहिले, त्याबद्दल आपले आभार मानतो. मूळ ग्रंथाच्या विस्तृत आवृत्तीत सहा प्रकरणे आहेत. पहिल्यात मरणाविषयीचे सामान्य विवेचन आहे, दुसऱ्यात वर सांगितलेले पाच मोह, तिसऱ्यात रुग्णाला विचारायचे प्रश्न, चौथ्यात क्रूसावरील ख्रिस्ताचे अनुकरण, पाचव्यात जवळ असलेल्यांची कर्तव्ये आणि सहाव्यात रुग्णासाठी म्हणावयाच्या प्रार्थना. ही यादी नीट पाहिली, तर तिसरे, पाचवे आणि सहावे अशी तीन प्रकरणे सरळ सरळ जवळ बसणाऱ्याच्या हाती दिलेली आहेत. ज्याला ताप चढला आहे, ज्याची जीभ जड झाली आहे, तो पुस्तक उघडून वाचणार तरी कसा? वाचणारा असतो तो शेजारी बसलेला मित्र. म्हणून माझे मत असे बनले आहे की या पुस्तकाचा खरा वाचक मरणारा नसून त्याच्या उशाशी बसलेला माणूस आहे, आणि पुस्तकाची सारी रचना त्या माणसाच्या आवाजासाठी केलेली आहे.

तिसऱ्या प्रकरणातील प्रश्न परंपरेने अकराव्या शतकातील संत अन्सेल्म यांच्या नावावर सांगितले जातात. ख्रिस्ताच्या श्रद्धेत मरण येत आहे याचा तुला आनंद आहे ना? जसे जगायला हवे होते तसे आपण जगलो नाही, हे तू मान्य करतोस ना? त्याचे तुला दुःख होते ना? वेळ मिळाला असता तर तू सुधारला असतास ना? तुझ्यासाठी ख्रिस्त मेला, यावर तुझा विश्वास आहे ना? प्रत्येक प्रश्न असा बेतलेला आहे की नुसत्या ‘हो’ने उत्तर पुरे व्हावे, आणि वाचा बंद झाली असेल तर एखाद्या खुणेनेही त्याला होकार देता यावा. रुग्णाला किती बोलवावे आणि किती श्रम द्यावेत, याची जाण असलेल्या माणसाने ते लिहिले आहेत, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल.

पाचव्या प्रकरणात एक सूचना मोठ्या कळकळीने केली आहे : बरे होण्याची खोटी आशा रुग्णाला दाखवू नये. घरचे लोक आणि वैद्य ‘काही होत नाही, उठून बसाल’ असे म्हणत राहतात, माणूस त्यावर विसंबतो आणि तयारीचा वेळ हातातून निघून जातो, ही तक्रार या पुस्तकांत वारंवार येते. तिला कायद्याचाही आधार होता, कारण १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वैद्यांना असा आदेश दिला होता की रुग्णाकडे गेल्यावर त्यांनी प्रथम आत्म्याच्या वैद्याला, म्हणजे धर्मगुरूला, बोलावण्याचा आग्रह धरावा. याच प्रकरणात असेही सांगितले आहे की पत्नी, मुले, स्नेही आणि मालमत्ता यांच्या आठवणी रुग्णासमोर अतोनात उगाळू नयेत. आजच्या आपल्या मनाला हे कठोर वाटते आणि मलाही वाटते. निरोप घेण्याची ओढ दोन्ही बाजूंना असते, आणि ती दाबून टाकण्याचा सल्ला मला आजवर पटलेला नाही.

असहनशीलतेचे चित्र मात्र आपण अवश्य पाहावे. त्यात रुग्णाने पांघरुणातून उघडा पाय बाहेर काढून जवळच्या माणसाला लाथ मारली आहे, औषधपाण्याचे छोटे मेज उलटून पडले आहे आणि भांडी जमिनीवर सांडली आहेत. एक बाई तरीही हातात खाणेपिणे घेऊन त्याच्याकडेच येत आहे. पलंगाजवळचा सैतान आपण त्याला कसे फसवले म्हणून खूश आहे. चित्रकाराने हा प्रसंग कल्पनेने रचला असेल असे मला वाटत नाही, त्याने कोणाच्या तरी घरी तो पाहिला असावा. आणि पुस्तक त्या लाथ मारणाऱ्या माणसाला वाईट म्हणत नाही. वेदनेने माणूस स्वतःचा राहत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

प्रश्न : मागील अंकातील चित्र ज्या प्रवचनातील आहे, त्यात साव्होनारोला नेमके काय म्हणाला होता? त्याने चित्रे छापून घेतली हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जिरोलामो साव्होनारोला हा फेरारा येथे १४५२ साली जन्मलेला डोमिनिकन संन्यासी. १४९६ च्या शरदात फ्लोरेन्स मोठ्या अडचणीत होते. पीसाचे युद्ध चालू होते, सम्राट मॅक्सिमिलियनने लिव्होर्नो बंदराला वेढा घातला होता आणि शहरात धान्याचा तुटवडा होता. ३० ऑक्टोबर रोजी इम्प्रुनेता येथील मरियेचे चित्र मिरवणुकीने शहरात आणले गेले आणि त्याच दिवशी धान्याची जहाजे लिव्होर्नोला लागल्याची बातमी आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सर्व मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्याने हे प्रवचन केले. शहर नुकतेच सुटकेचा श्वास टाकत असताना त्याने मरणाचा विषय काढला, हे मला अर्थपूर्ण वाटते.

त्याने आधारासाठी बायबलच्या बेन सिरा या ग्रंथातील वचन घेतले होते. प्रत्येक कामात आपला शेवट आठवावा, म्हणजे पाप घडणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्यावरून त्याने श्रोत्यांना ‘मरणाचा चष्मा’ लावायला सांगितले, म्हणजे जगातील प्रत्येक गोष्ट त्या भिंगातून पाहावी. सैतान माणसाशी बुद्धिबळ खेळतो आणि मरणाच्या क्षणी त्याला मात देण्याची वाट पाहतो, तो एक डाव जिंकला तर सारे जिंकले, असेही तो म्हणाला. आणि मग तो चित्रांकडे वळला. प्रत्येकाने तीन चित्रे काढून घ्यावीत, असा त्याचा आग्रह होता. पहिले, वर स्वर्ग आणि खाली नरक असलेले, धडधाकट असतानाच आपल्या खोलीत लावून रोज पाहावे. दुसरे, नुकत्याच आजारी पडलेल्या माणसाचे, ज्याच्या दाराशी मृत्यू आला आहे. तिसरे, शेवटच्या घटका मोजणाऱ्याचे, ज्याच्या पलंगाशी मृत्यू येऊन बसला आहे.

मी वर म्हणालो की जुने पुस्तक उशाशी बसलेल्या माणसासाठी होते. साव्होनारोलाने ते तेथून उचलले आणि निरोगी तरुणाच्या हाती दिले. पुस्तिकेतील एका चित्रात हाच तरुण दिसतो. फ्लोरेन्सच्या ऐटबाज पोशाखातील या मुलाशी हाडांचा सापळा बोलतो आहे आणि एकाच वेळी वरचे तेजोवलयातील परमेश्वराचे दर्शन व खालचा नरक दाखवतो आहे. चित्रातील पट्टीवर इटालियन शब्द आहेत, ‘ओ क्वा सू’ आणि ‘ओ क्वा जू’, म्हणजे ‘एक तर इथे वर, नाही तर इथे खाली’. मुलाच्या वयाकडे पाहिले की हे शब्द अधिकच टोचतात. पुस्तिकेच्या आरंभी येणाऱ्या दुसऱ्या चित्रात मृत्यू विळा घेऊन प्रेतांनी भरलेल्या भूमीवरून उडत जातो आणि त्याच्याजवळच्या पट्टीवर लॅटिनमध्ये ‘मी आहे’ एवढेच लिहिलेले आहे.

चित्रे त्याने स्वतः छापून घेतली असे म्हणणे धाडसाचे होईल. प्रवचन चालू असताना ते लोरेंझो व्हिओली या नोटरीने टिपून घेतले, आणि पुस्तिकेच्या आरंभीच ते ‘जिवंत मुखातून’ उतरवल्याचे नमूद आहे. पुढे बार्तोलोमेओ दे लिब्री या धर्मगुरू असलेल्या मुद्रकाने ती छापली आणि वक्त्याने शब्दांत मांडलेली तीन चित्रे कोरून घेऊन तिच्यात घातली गेली. ज्याला चित्रकाराला पैसे देणे परवडणार नव्हते, त्यालाही आता ती चित्रे पुस्तिकेसोबतच मिळू लागली.

प्रश्न : मी मुद्रणकलेचा विद्यार्थी आहे. अशा अनेक पुस्तिकांवर साल छापलेले नसते असे वाचले. मग त्या कोणत्या वर्षी छापल्या हे कसे ठरवतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : १५०० साल संपण्यापूर्वी छापलेल्या युरोपीय पुस्तकांना लॅटिनमध्ये पाळण्यातील पुस्तके म्हणतात, आणि आपल्या अभ्यासकांनी त्यावरून आरंभीच्या मराठी छापील पुस्तकांसाठी ‘दोलामुद्रिते’ हा सुंदर शब्द घडवला, हे आपल्याला ठाऊक असेल. पोथीप्रमाणे या पुस्तकांच्या शेवटी कधीकधी पुष्पिका असते आणि तिच्यात मुद्रक, गाव व तारीख सापडते. साव्होनारोलाच्या प्रवचनाच्या आवृत्त्यांना मात्र छपाईचे साल नाही. प्रवचनाची तारीख तेवढी आहे, त्यामुळे त्या दिवसाच्या आधी ती छापली गेली नाही, एवढेच निश्चित होते.

पुढचे काम खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून, होते. त्या काळी प्रत्येक छापखाना आपले खिळे स्वतः ओतून घेई किंवा विकत घेऊन वापरी, आणि दोन छापखान्यांचे खिळे हुबेहूब सारखे नसत. म्हणून अभ्यासक मजकुराच्या सलग वीस ओळी मोजून त्यांची उंची मिलिमीटरमध्ये घेतात, मोठ्या ‘एम’ या अक्षराचा आकार तपासतात आणि साल माहीत असलेल्या पुस्तकांशी ताडून पाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रॉबर्ट प्रॉक्टर यांनी आणि त्यांच्यानंतर जर्मनीतील कोनराड हेब्लर यांनी ही पद्धत पक्की केली. कागदाचे जलचिन्हही मदत करते. ताव दोनदा दुमडून चार पाने म्हणजे आठ पृष्ठे करण्याची पद्धत या पुस्तिकांत असल्याने जलचिन्ह पानाच्या शिवणीच्या घडीत अर्धवट सापडते आणि ते जुळवून वाचावे लागते.

मला सर्वांत आवडणारा पुरावा लाकडी ठशांचा आहे. ठशात रेषा उठावदार ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढलेले असते, त्यामुळे तो खिळ्यांच्याच चौकटीत बसतो आणि चित्र व मजकूर एकाच दाबात छापता येतात. फ्लोरेन्सच्या ठशांना बहुधा नक्षीची बारीक किनार असते. वापरता वापरता हीच किनार प्रथम झिजते, कोपरा तुटतो, मध्येच एक चीर जाते, कीड लागून बारीक भोके पडतात. छापताना ही भोके शाई न लागल्याने पांढरे ठिपके होऊन उमटतात. एका आवृत्तीत किनार अखंड आहे आणि दुसरीत तुटलेली आहे, तर अखंड किनारीची आवृत्ती आधीची. आपण दोन प्रतींची छायाचित्रे शेजारी ठेवून भिंगाने किनारीचे कोपरे तपासून पाहावेत. फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात साव्होनारोलाच्या पुस्तिकांचा मोठा संग्रह आहे आणि मोठ्या ग्रंथालयांनी अशा अनेक प्रतींची छायाचित्रे आता मुक्तपणे उपलब्ध करून दिली आहेत.

प्रश्न : त्या काळी वाचता येणारे असे किती असतील? स्त्रियांपर्यंत ही पुस्तके पोचत होती का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : ती इटालियनमध्ये छापली गेली, यातच उत्तराचा मोठा भाग आहे. लॅटिन न येणारे व्यापारी, कारागीर, गृहिणी आणि मठातील भगिनी यांच्यासाठी ती होती, आणि एकाने वाचावे व घरातील सर्वांनी ऐकावे, अशी तेव्हाची रीत होती. स्त्रिया केवळ वाचकच होत्या असेही नाही. फ्लोरेन्सच्या सान जाकोपो दी रिपोली या मठात १४७६ ते १४८४ छापखाना चालला आणि तेथे मठातील भगिनी खिळे जुळवण्याचे काम करीत. त्या छापखान्याची रोजकीर्द टिकून आहे आणि तिच्यावरून दिसते की मोठ्या ग्रंथांबरोबर प्रार्थनांची स्वस्त पाने छापून ती फेरीवाल्यांना विकायला दिली जात. अशा स्वस्त पुस्तिका हातोहात वापरल्या गेल्या, उशाशी ठेवल्या गेल्या, फाटल्या आणि नाहीशा झाल्या. म्हणूनच ज्या सर्वाधिक वाचल्या गेल्या त्यांच्याच प्रती आज कमी आहेत.

प्रश्न : या परंपरेचा गोव्याशी काही संबंध जोडता येतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : संबंध आहे, मात्र तो एखाद्या पुस्तकाच्या भाषांतराचा नाही. ज्या संघांनी इटलीत ही परंपरा पुढे नेली, त्यांचीच माणसे गोव्यात होती, असा तो आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या, हाती आला आणि पुढच्याच वर्षी तेथे ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका छापली गेली. १५६१ साली गोव्याचे पहिले आर्चबिशप गास्पार दे लियाँव यांचे ख्रिस्ती जीवनाविषयीचे भक्तिपुस्तक निघाले आणि भारतात छापलेल्या व आज उपलब्ध असलेल्या पुस्तकांत ते सर्वांत जुने समजले जाते. आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५७५ साली जेझुइट संघात प्रवेश केला तो रोममध्ये. त्याच रोममध्ये पुढच्या वर्षी रोबेर्तो बेल्लार्मिनो अध्यापनासाठी आले. मोंतेपुल्चानोच्या या जेझुइटाने, पुढे कार्डिनल झालेल्या या माणसाने, आयुष्याच्या अखेरीस १६२० साली ‘चांगल्या मरणाच्या कले’वर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्याच वर्षी तो स्वतः निवर्तला.

बेल्लार्मिनोने पुस्तकाचे दोन भाग केले आणि त्यातील पहिला सगळा भाग मरण दूर असताना जगावे कसे यासाठी ठेवला, कारण ज्याला चांगले मरायचे आहे त्याने चांगले जगावे, हाच त्याचा पहिला नियम आहे. पंधराव्या शतकातील शेवटच्या काही तासांची पुस्तिका अशी सबंध आयुष्याची झाली. १६४८ साली रोमच्या जेझू चर्चमध्ये चांगल्या मरणासाठी प्रार्थना करणारे मंडळ स्थापन झाले, आणि १७५८ मध्ये नेपल्सच्या अल्फोन्सो दे लिग्वोरी यांनी छत्तीस चिंतनांचे ‘मरणाची तयारी’ हे पुस्तक इटालियनमध्ये लिहिले. तोवर उशाशी बसलेला मित्र या पुस्तकांतून जवळजवळ दिसेनासा झाला होता. मला त्याची चुटपुट वाटते.

प्रश्न : इतरांना मरणाची तयारी शिकवणाऱ्या साव्होनारोलाचा स्वतःचा शेवट कसा झाला? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : १४९७ साली पोपने त्याला बहिष्कृत केले आणि पुढच्या वसंतात फ्लोरेन्सच्या शासनाने त्याला अटक करून त्याचा छळ केला. सही करता यावी म्हणून त्याचा उजवा हात तेवढा शाबूत ठेवला होता. त्या हाताने त्याने तुरुंगात दोन स्तोत्रांवरील चिंतने लिहिली. पहिले दयायाचनेच्या एक्कावन्नाव्या स्तोत्रावर आहे. दुसऱ्यात दुःख आणि आशा त्याच्या मनाचा ताबा घेण्यासाठी आळीपाळीने बोलतात. ते अपुरे राहिले. दोन्ही लवकरच छापली गेली आणि मरणाच्या तयारीची पुस्तके म्हणून दीर्घकाळ वाचली गेली. जुन्या पुस्तिकेतील निराशेच्या मोहाशी झुंजणारा माणूस आपल्याच शब्दांत कसा बोलतो, हे ज्यांना वाचायचे असेल त्यांनी ते दुसरे चिंतन वाचावे.

इटलीच्या शहरांत फाशी जाणाऱ्यांची शेवटची रात्र सोबत घालवणाऱ्या गृहस्थांची मंडळे होती. बोलोन्यात सांता मारिया देल्ला मोर्ते, रोममध्ये १४८८ पासून सान जोव्हान्नी देकोल्लातो, ज्याचा मायकेलअँजेलोही पुढे सभासद झाला, आणि फ्लोरेन्समध्ये काळ्या झग्यांमुळे ‘काळे’ म्हणून ओळखले जाणारे मंडळ. हे लोक मूठ असलेली एक पाटी जवळ बाळगत. तिच्यावर क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र असे, आणि शिडी चढून संपेपर्यंत ती कैद्याच्या डोळ्यांसमोर धरीत, म्हणजे त्याला गर्दी आणि दोर दिसू नये. पुस्तिकेतील जवळ बसणारा मित्र येथे प्रत्यक्ष माणूस होऊन भेटतो.

२२ मे १४९८ च्या रात्री या मंडळातील जाकोपो निक्कोलीनी नावाचा गृहस्थ साव्होनारोलाच्या सोबतीला होता. चरित्रकार सांगतात की थकलेल्या साव्होनारोलाने त्याच्या मांडीवर डोके ठेवून थोडा वेळ झोपू देण्याची विनंती केली आणि तो शांत झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी, शहराच्या मुख्य चौकात, फ्रा दोमेनिको आणि फ्रा सिल्व्हेस्त्रो या दोन सोबत्यांबरोबर त्याला फाशी देऊन त्यांचे देह जाळण्यात आले.